उठतं, पण जागं होत नाही

ताईंचा स्वभाव चिडका होता, आणि त्या चिडकेपणामुळेच त्यांना नोकरी लागली होती. शाळेत असतानाच त्यांची नजर अंधूक होत गेली आणि कॉलेजात जायच्या वयात पूर्ण गेली. ब्रेल शिकायला त्यांनी बरेच दिवस टाळाटाळ केली. शेवटी आईने कानीकपाळी ओरडून शिकायला लावलं, आणि मग हातात आलेल्या पहिल्याच पुस्तकात पानोपानी चुका निघाल्या. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, एका ठिकाणी तर अख्खी ओळ दोनदा. ताईंनी ते जाडजूड पुस्तक काखोटीला मारलं, धाकट्या भावाचा हात धरला आणि थेट छापखाना गाठला. तेव्हाच्या व्यवस्थापकांना त्या म्हणाल्या, "डोळे गेले म्हणून आमचं शुद्धलेखनही गेलं असं वाटलं की काय तुम्हाला?" व्यवस्थापक वयस्कर होते, समंजस होते. ते म्हणाले, "चुका सापडतायत ना? मग या उद्यापासून."

तेव्हापासून ताई त्या छापखान्यात ब्रेल पुस्तकं तपासत होत्या. आता केस पिकले होते, भाऊ दुसऱ्या गावी स्थिरावला होता, आई जाऊनही काळ लोटला होता. स्वभाव मात्र जिथल्या तिथे होता.

छापखाना तसा छोटाच. पुढच्या खोलीत जाड कागदावर ठिपके उठवणारं यंत्र दिवसभर दणदणत असायचं. मधल्या खोलीत बांधणीकाका पानं शिवून पुठ्ठे चढवायचे. मागच्या खोलीत, यंत्राचा आवाज जरा कमी येतो म्हणून, ताईंचं टेबल. टेबलावर संगणक आणि त्याच्यापुढे ब्रेलची पट्टी. संगणकावर जी ओळ असेल ती या पट्टीवर उठायची. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके वर यायचे, ताईंची बोटं त्यांवरून सरसर फिरायची, बटण दाबलं की ती ओळ खाली जाऊन पुढची वर यायची. शिवाय कानाला हेडफोन होता, त्यात संगणक मजकूर वाचून दाखवायचा. पण तपासणीच्या कामात ताईंचा कानावर भरवसा नव्हता. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, हा फरक बोटाला लगेच कळतो. कानाला दोन्ही सारखंच.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवे साहेब आले आणि त्यांनी विजेची बचत मनावर घेतली. बिनकामाचे दिवे बंद, पंखे बंद, आणि कुणी हात लावला नाही की संगणक आपोआप झोपला पाहिजे, अशी सोय त्यांनी सगळीकडे करून घेतली.

ताईंच्या डोक्याला ताप तिथून सुरू झाला.

दुपारी डबा खाऊन त्या परत यायच्या, कीबोर्डवर बोट ठेवायच्या. संगणकाचा पंखा घरघरायला लागायचा, म्हणजे स्वारी उठली. पण पट्टी सपाट. एक ठिपका वर येईल तर शपथ. हेडफोन कानाला लावावा, तर तोही मुका. बाकीच्यांच्या दृष्टीने संगणक टक्क जागा असायचा. पडद्यावर पान उघडलेलं, सगळं जागच्या जागी. फक्त ताईंपुरता तो मेलेला असायचा.

मग पट्टीची वायर काढा, परत घाला. कधी पट्टी जिवंत व्हायची, कधी नाही. नाहीच झाली तर मोठं बटण दाबून संगणक बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा, म्हणजे साठवायचं राहिलेलं काम गेलं पाण्यात. एका आठवड्यात इतक्या वेळा वायर काढ-घाल झाली की संगणकाची खाच सैल पडली.

"जरा थोपटून बघ ना," बांधणीकाका दारातून म्हणाले. त्यांचं शिवणीचं यंत्रही कधीकधी थोपटल्यावर चालायचं.

"काका, थोपटायच्या पलीकडे गेलंय हे. आता एक ठेवूनच द्यावीशी वाटते."

साहेबांनी एका संगणकवाल्याचा नंबर दिला. बऱ्याच कार्यालयांची कामं घेणारा, पस्तिशीचा, भराभर बोलणारा माणूस. ताईंनी फोन केला.

"यूएसबीवाली पट्टी चालत नाही का? काही हरकत नाही ताई. मला सांगा, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काही नाही."

"म्हणजे काळी आहे का स्क्रीन?"

"मला काय माहीत!"

"अहो, बघून सांगा ना."

"मला दिसत नाही."

"तेच म्हणतोय मी, दिसत नाही म्हणजे स्क्रीन काळी..."

"स्क्रीन नाही हो, मला! मला दिसत नाही!"

पलीकडचा भराभर सूर एकदम उतरला. मग तो म्हणाला, "सॉरी ताई. मला कल्पना नव्हती."

"अंधांची पुस्तकं छापतात त्या छापखान्यातून फोन आहे," ताई म्हणाल्या. "थोडी कल्पना करायला हरकत नव्हती."

तो आला. दोनदा आला. दोन्ही वेळा सकाळी, ताई काम करत असताना, आणि दोन्ही वेळा पट्टी अगदी शहाण्यासारखी वागली. त्याने संगणक स्वतःच्या हाताने झोपवला आणि लगेच उठवला. ठिपके टुणकन वर. "बघा, चालतंय की," तो म्हणाला. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी कण्हत बसणारा माणूस डॉक्टरांपुढे ठणठणीत होतो ना, तशातली गत.

"मी खोटं बोलते का?"

"तसं नाही ताई. पण मला बिघाड दिसल्याशिवाय मी दुरुस्त काय करू?"

हे म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून ताईंना जास्तच राग आला.

तेवढ्यात विज्ञानाचं पुस्तक आलं. शाळा उघडायच्या आत ते जायलाच हवं होतं. एका दुपारी पट्टी काही केल्या उठेना, तेव्हा काकांनी चष्मा चढवला, पडद्यासमोर बसून उरलेली पानं ताईंना मोठ्याने वाचून दाखवली आणि ताईंनी ती कानाने तपासली. दुसरा इलाज नव्हता. पुस्तक छापलं, शिवलं, गेलं. थोड्या दिवसांनी एका शाळेतून बाईंचा फोन आला. पुस्तकात वाक्य होतं, "रक्त काढण्याआधी परिचारिका शिर शोधते." आणि वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं की बाई, शिर शोधावं लागतं म्हणजे ते आधी हरवतं का?

साहेबांना हसू आलं. पण हसून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

"माझ्या हातून झालंच नाही," ताई म्हणाल्या. "हाताला वाचायला मिळालंच नाही! कानातून झालंय ते." त्या आपल्या टेबलाकडे परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा तापला होता. चूक मूळ मजकुरातली होती, काकांनी ती जशीच्या तशी वाचली होती, हे सगळं खरं. तरी पुस्तक त्यांच्या तपासणीतून गेलं होतं. संध्याकाळी घरी जाताना सबंध वाटेत त्यांना ते एकच वाक्य आठवत राहिलं. घरी येऊन त्यांनी भांडी जरा जास्तच आदळली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणकवाल्याला फोन केला. "आज दुपारी या. आणि हातात मोकळा वेळ घेऊन या. काही दुरुस्त करायचं नाही, नुसतं बसायचं."

"बसून काय करायचं?"

"वाट बघायची. ते आपणहून झोपेपर्यंत."

तो आला. ताईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि बजावलं, "टेबलाला हात लावायचा नाही. माऊसला तर नाहीच."

दोघं बसून राहिली. पुढच्या खोलीत यंत्र दणदणत होतं. संगणकवाला पाय हलवत होता. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला, त्याने तो कट केला. परत वाजला, परत कट केला.

"झोपलं का?" ताईंनी विचारलं.

"नाही अजून. स्क्रीन चालू आहे."

"माझ्या भावाचं असंच होतं लहानपणी. आपण डोळा लागायची वाट बघत बसलं की हमखास टक्क जागा."

"माझ्या मुलीचं पण," तो म्हणाला. "तिला झोपवता झोपवता मलाच झोप लागते." मग तो आपणहूनच म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं होतं वायर सैल बसत असेल. दिसत नाही म्हणून."

"सगळ्यांना तसंच वाटतं. वायर मला तुमच्यापेक्षा कमी वेळा उलटी लागते की जास्त वेळा, हे नाही सांगता येणार. पण शेवटी सरळच लागते."

तो हसला. बांधणीकाका दारात आले, दोघांना गप्प बसलेलं पाहून दबक्या आवाजात विचारते झाले, "झोपलं?" ताईंनी ओठावर बोट ठेवलं. काका चक्क चवड्यांवर परत गेले.

शेवटी पंखा थांबला. "झोपलं," संगणकवाला म्हणाला आणि लगेच हात पुढे केला.

"थांबा! लगेच उठवलं की ते साळसूदपणा करतं. चांगलं गाढ झोपू द्या."

त्याने अजून एक चहा घेतला. मग ताईंनी कळ दाबली. पंखा घरघरला. ताईंनी त्याचा हात धरून पट्टीवर ठेवला. पट्टी काचेसारखी गुळगुळीत होती. मग हेडफोन त्याच्या कानाला लावला. काही नाही.

"अरेच्चा," तो म्हणाला. "अहो, हे खरंच होतंय."

"इतके दिवस काय मी गाणं म्हणत होते?"

पण आता त्याला बिघाड दिसला होता, आणि दिसल्यावर तो वेगळाच माणूस झाला. संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी त्याने उघडली आणि मोठ्याने बोलत बोलत काम करू लागला. कुणी न सांगता बोलत होता, हे ताईंच्या लक्षात आलं. वीज वाचवायची म्हणून संगणक झोपताना यूएसबीच्या खाचांची वीज तोडत होता. उठल्यावर ती परत द्यायची, तर पट्टी आणि हेडफोन हजर आहेत हेच त्याच्या ध्यानात येत नव्हतं. प्रत्येक खाचेच्या नावापुढे एक खूण होती. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला परवानगी आहे, अशा अर्थाची.

"आणि ही परवानगी कुणी दिली?" ताईंनी विचारलं.

"कुणीच नाही. आधीपासून असते."

"वा! म्हणजे माझ्या बोटांखालचं पुस्तक काढून घ्यायची परवानगी, आणि मला विचारलंही नाही."

त्याने एक खूण काढली. पुन्हा झोपेची वाट पाहणं आलं. उठवल्यावर हेडफोन बोलला, पट्टी नाहीच. यादीत एकसारख्या नावांच्या खाचा होत्या आणि पट्टी भलत्याच खाचेवर होती. त्याने कपाळाला हात लावला. ताईंनी आणखी चहा सांगितला. या खेपेला त्याने सगळ्या खुणा काढल्या, वीज वाचवण्याच्या मुख्य पानावरची यूएसबीची सोयही बंद केली आणि सैल पडलेली खाच सोडून वायर मागच्या नव्या खाचेत लावली.

तिसऱ्यांदा संगणक झोपला, उठला, आणि ताईंच्या बोटांखाली ठिपके वर आले. ताईंनी बोटं फिरवली. ओळ वाचली, बटण दाबलं, पुढची वाचली. मग म्हणाल्या, "इथे अनुस्वार राहिलाय."

"माझ्याकडून?"

"नाही हो, लेखकाकडून."

जाण्याआधी त्याने पिशवीतून दोन जुने छोटे स्पीकर काढले. गोल पिनेचे, यूएसबीशी काही संबंध नसलेले. "हे राहू द्या जोडलेले. पट्टी आणि हेडफोन दोन्ही रुसले तरी हे बोलतील. निदान काय चाललंय ते तरी ऐकू येईल. आणि त्या खुणा कुठे असतात ते कीबोर्डवरून कसं गाठायचं, तेही दाखवतो." ताईंनी ते त्याच्यासमोरच लागोपाठ करून पाहिलं. चुकल्या तिथे स्वतःवरच करवादल्या आणि पुन्हा केलं.

विज्ञानाच्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडलं गेलं. पट्टी रोज दुपारी उठू लागली. साहेबांना विजेच्या बचतीतली ही गळती कळली तेव्हा ते म्हणाले, "एवढीशी वीज, जाऊ द्या." हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असं ताई त्यांच्या तोंडावर म्हणाल्या.

काही महिन्यांनी संगणकाने आपल्या मनाने स्वतःला अद्ययावत करून घेतलं, आणि त्या दुपारी पट्टी पुन्हा सपाट. ताईंच्या तोंडून नको ते शब्द बाहेर पडले. मग त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. यादीतली नावं भराभर आणि खणखणीत आवाजात छापखानाभर ऐकू जाऊ लागली, कारण ताईंना संगणक झपाट्याने बोललेलाच आवडायचा आणि स्पीकरचा आवाज कमी कसा करायचा ते विचारायचं राहून गेलं होतं.

"अगं, कोण भांडतंय तुझ्याशी?" काका मधल्या खोलीतून ओरडले.

"संगणक! परवानगी परत घेऊन बसलाय मेला!"

एकेका खाचेवर जाऊन त्यांनी खुणा काढल्या. एक राहून गेली, ती परत जाऊन काढली. वायर उपसून पुन्हा लावली. ठिपके आले. ताईंनी संगणकवाल्याला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, "अद्ययावत झाल्यावर सगळ्या खुणा परत येतात. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"मलाही माहीत नव्हतं ताई. येऊ का?"

"कशाला? काढल्या मी." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या बाकीच्या कार्यालयांत मात्र बघून घ्या. तिथे कुणी बिचारं वायर काढत-घालत बसलं असेल."

फोन ठेवून त्या पट्टीकडे वळल्या. पान भूगोलाचं होतं. दुसऱ्याच ओळीत नदी डोंगराकडे वाहत गेली होती. ताईंनी खुर्ची मागे सारली आणि पुढच्या खोलीच्या दिशेने हाक दिली, "यंत्र थांबवा हो! हे पान जाऊ देऊ नका!"