कडबा आणि ट्रॅक्टर एका छताखाली

शेड कसं बांधायचं यावरून आमच्या शेतावरच्या घरात उन्हाळाभर वाद चालला होता. नवऱ्याला चारी बाजूंनी पत्रा मारलेलं एकच मोठं शेड हवं होतं. कडबा, भुसकट, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, सगळं एका कुलपात. सासूबाईंना ते पटत नव्हतं. त्यांना मी आत्या म्हणते. "कडब्याला वारा लागतो बाबा," त्या म्हणायच्या. "कोंडला की काळा पडतो. जनावरं तोंड लावत न्हाईत."

वाद मिटेना, म्हणून नवऱ्याने जुने पत्रे आणि बांबू लावून तात्पुरता आडोसा उभा केला. तीन बाजू बंद, एक उघडी. नेकनूरच्या मिस्त्रीला 'पुढच्या आठवड्यात ये' म्हणून सांगितलं.

एका दुपारी मी आत, अगदी मागच्या पत्र्याला लागून, म्हशीसाठी पेंढ्या काढत होते. नवरा रोटाव्हेटरने रान फिरवून आला, ट्रॅक्टर उलटा घेत आत लावला आणि हौदावर तोंड धुवायला गेला.

आधी वास आला. चुलीचा असेल, असं वाटलं. मग मान वळवली, तर तापलेल्या सायलेन्सरला टेकलेली पेंढी धुमसत होती. बघता बघता तिने पेट घेतला आणि जाळ वरच्या थराला लागला. उघड्या बाजूला ट्रॅक्टर आडवा आलेला. एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला चाक आणि पत्रा यांच्यात जेमतेम वीतभर फट.  मी मागे सरकत पत्र्याला पाठ टेकवली. डिझेलची टाकी समोर दिसत होती. आपण इथेच जळणार, पोरगी शाळेतून येईल आणि तिला हे बघावं लागेल, एवढंच डोक्यात होतं.

"आत्याऽ!" मी हाक मारली.

आत्यांनी बाहेरून पत्र्यावर थापा मारल्या. "खाली वाक! तोंडाला पदर लाव!"

तेवढ्यात नवरा धावत आला आणि थेट ट्रॅक्टरवर चढला.

"उतरा! पेटंल तो!" मी किंचाळले.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि थांबलं.  दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा ते धडधडलं, आणि बॉनेटवर जळती पेंढी घेऊन ट्रॅक्टर बाहेर पडला. धुरातून मी त्याच्यामागे पळाले. रोटाव्हेटरच्या पात्याला साडी अडकून फाटली, ते नंतर कळलं.

आत्यांनी हौदातल्या पाण्याच्या बादल्या मारल्या. निम्मा कडबा गेला. नवऱ्याच्या हातांवर फोड आले होते. तो लिंबाखाली बसून राहिला.

मिस्त्री आला. "मग मालक, कसलं शेड करायचं?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"कडब्याला नुसतं छत," मी म्हणाले. "चारी बाजू मोकळ्या. ट्रॅक्टरला वेगळी खोली, तिकडं बोअरपाशी."

"जागा लई जाईल, वहिनी."

"जाऊ द्या," आत्या म्हणाल्या.

तसंच शेड झालं. वारा आरपार जातो, कडबा पिवळाधमक राहतो. तरी मी पेंढ्या काढायला लागले आणि ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला, की माझे हात थांबतात. तो पार बोअरपाशी जाऊन बंद झाला, की मगच पुढची पेंढी ओढते.