मान हलली तरी चालेल

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, म्हणून सगळे तिला पाटीवाली बाईच म्हणत. चाळिशीनंतर तिची मान आपोआप हलायला लागली. डावीकडे-उजवीकडे, सारखा नकार दिल्यासारखी. गिऱ्हाईक विचारायचं, "उद्यापर्यंत होईल ना?" तोंड म्हणायचं होईल, मान म्हणायची नाही. "तोंडावर विश्वास ठेवा, मानेचं मनावर घेऊ नका," असं ती हसत सांगायची. हात मात्र असा की रेघ जराही ढळत नसे.

मग नवरा गेला. सुरुवातीला तिने रेटून नेलं, पण हळूहळू तिचं कशातच मन लागेना. ब्रश धुवायचे राहिले ते राहिलेच, वाळून काटक्या झाले. गोळ्या झाल्या, बदलून दुसऱ्या झाल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. धाकटी जाऊ रोज डबा घेऊन यायची, तिचे केस विंचरायची आणि ती ऐको न ऐको, गल्लीतल्या साऱ्या बातम्या सांगत बसायची.

शेवटी जावेनेच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर चुंबकासारखं काम करणारी तारेची एक गुंडाळी धरायची. तिचे ठोके मेंदूतल्या नेमक्या जागी पडले, तर उदासी उतरू शकते. जागा चुकली तर मात्र मेहनत वाया.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. डोकं उशांमध्ये घट्ट बसवलं तरी मान सुटायचीच. ती दात आवळून, घामाने निथळत बसायची. मशीन चालवणारी मुलगी पुन्हापुन्हा गुंडाळी जागेवर आणायची. कित्येक आठवडे गेले, फरक शून्य.

"पुरे झालं," ती जावेला म्हणाली. "माझ्याच मानेने घात केला."

"ताई, मानेला काय बोल लावायचा? दुसरा काही उपाय असेल तर विचारू," जाऊ म्हणाली, आणि खरोखरच डॉक्टरांच्या मागे लागली.

काही महिन्यांनी मशीन चालवणाऱ्या त्या मुलीचाच फोन आला. दवाखान्यात कॅमेरे आले होते.

या वेळी उशा नव्हत्या. कपाळावर एक हलकी पट्टी, तिच्यावर चमकदार गोळे. समोरचे कॅमेरे ते गोळे बघत होते आणि पडद्यावर तिचं डोकं दिसत होतं, हलणारं. ते जसं हले, तसा मशीनचा हात गुंडाळी घेऊन अलगद सोबत सरकत होता.

"मावशी, मान हलली तरी चालेल," मुलगी म्हणाली. "तुम्ही आरामात बसा."

तिला आधी खरंच वाटेना. मग तिने खांदे सैल सोडले. ठोके टकटक पडू लागले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

जाऊ घाबरून उठली. "दुखतंय का गं, ताई?"

"नाही गं. किती वर्षांनी आज कुणी मला 'मान हलवू नको' म्हणालं नाही."

गुण हळूहळूच आला. एके दुपारी दवाखान्यातून परतताना ती रस्त्यातच थबकली. समोर औषधांच्या दुकानाची नवी पाटी होती.

"ही काय अक्षरं म्हणायची? एक चाललंय पूर्वेला, दुसरं पश्चिमेला! रंगवणाऱ्याचे डोळे कुठे होते?"

जाऊ तिच्याकडे बघतच राहिली. "बोल ताई, अजून नावं ठेव," म्हणता म्हणता तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

पाटीवाल्या बाईने नवे ब्रश आणले. एखादी सकाळ अजूनही जड जाते, नाही असं नाही. मधूनमधून ती दवाखान्यात जाऊन त्या मशीनच्या खुर्चीत बसून येते. डॉक्टरांचे, त्या मुलीचे आणि कॅमेरा बनवणाऱ्या, कधी न पाहिलेल्या माणसांचेही आभार ती मनोमन मानते. जावेला मात्र तिने एकदा तोंडावरच सांगितलं, "तू नसतीस तर मी त्या भिंतीकडे बघतच संपले असते."

"काहीतरीच!" जाऊ म्हणाली. "घरी माझं ऐकतं कोण? तू निदान उठून तरी जात नव्हतीस."