पेवातली पंखवाली मोहर

माझ्या तोंडून हे आजवर बाहेर पडलेलं नाही. सभेत नाही, सोबत्यांपाशी नाही, आईपाशीही नाही. तुम्हाला लिहून सांगतो.

चारठाण्याजवळ आमचं गाव. आमचं ज्वारीचं जुनं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, साफ करायला देवबा वडार उतरला होता. आत हवा बरी आहे का बघायला आधी दिवा सोडतात. त्याच उजेडात त्याला भिंतीत मडकं दिसलं. सोन्याच्या मोहरा. एक मात्र न्यारीच — पंखवाला माणूस पायाखालच्या सापासारख्या जनावराला भाल्यानं भोसकतोय, मोहरेच्या मागच्या बाजूला गलबत. ती इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या वेळची, हे पुढं एका पुस्तकातल्या चित्रावरून कळलं.

मडकं मी वर घेतलं. असा दफीना, पुरलेलं धन, सरकारजमा होणार, म्हणजे निजामाच्या घशात. मी तेव्हा जुलमाविरुद्ध पत्रकं लिहीत होतो. एक तरी रयतेला राहू दे, म्हणून ती मोहर कमरेला खोचली. रयतेला? खोटं. ती मला हवी होती.

बाकीचं मडकं चावडीत पोचलं. तिथं अमीनानं, म्हणजे निजामाच्या फौजदारानं, ते उपडं केलं. देवबा भाबडेपणानं बोलून गेला, "सायेब, त्यात एक पंखाचा बाप्या बी हाय."

नव्हता.

"पंखांवाला किदर गया रे? उड़ गया क्या?" अमीन हसला. शिपाईही हसले. मग त्यांनी देवबाला खांबाला बांधलं.

मी तिथंच उभा. मोहर पोटाला टोचायली — धोतर सुटलं तर? कुणी बघितलं तर? माझीही झडती घेतली तर? एक शब्द पुरे होता ना? त्याचा उजवा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी —

आणि मग काय केलं मी? पत्रक लिहिलं. 'देवबाचा हात कुणी मोडला?' मानवतच्या बाजारात हातोहात गेलं. माझं लय नाव झालं.

आता अमीन पळाला, निजामी गेली. मोहर अजून माझ्याकडेच आहे. भीती गेली नाही. आता देवबाची भीती वाटते. त्याची सावली अंगणात पडली तरी हात कमरेकडं जातो. परवा तो आला. हात वाळलाय, पहार धरवत नाही. "धाकले मालक, गरिबासाठी तुमीच तेवढं लिवलं," म्हणाला, आणि डाव्या हातानं माझ्या पाया पडला.

मी पाय मागं घेतले नाहीत.