हितं दुखतंय

साऱ्या भोर तालुक्यात स्वतःशी अजिबात ओळख नसलेले एकच गृहस्थ आहेत: माझ्या वडिलांचे मावसभाऊ. त्यांना याचा अभिमानही नाही, कारण अभिमान वाटायला आधी कोणीतरी असावं लागतं. एस.टी.तून निवृत्त झाल्यावर काकांनी विहारातल्या प्रवचनात ऐकलं, की ‘मी’ असं काही नसतंच. दुःख मात्र असतं, आणि ते कुणाचंही असो, हलकं करावं. बाकीचे चहा पिऊन घरी गेले. काकांनी ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ हे शब्दच टाकले. भूक लागली की पोटावर हात ठेवून “हितं भूक लागलीय” म्हणायचे. मला शाळेत इंग्रजीतला ‘आय’ वाक्यात कुठेही आला तरी मोठाच काढायला शिकवलेला. काकांचं बोलणं मी कोपऱ्यात बसून कान देऊन ऐकायचे.

पंचाईत अशी, की दुसऱ्याचं दुखलं तरी ते हेच म्हणत. पासली गावाला जाणाऱ्या एस.टी.त एखादी म्हातारी उभी दिसली, की आरामात बसलेले काका “हितं पाय लई दुखत्यात” म्हणत उठायचे आणि तिला बसवायचे.

एकदा शेजारच्या धनगराच्या शेळीला टेम्पोचा धक्का लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका छातीवर हात ठेवून म्हणाले, “हितं दुखतंय.”

“अवो, ती शेळी चरायला गेली बी!” काकू भाकरी थापत म्हणाल्या. काकांना दरदरून घाम फुटला, तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कुणाला दुखतंय?”

“दुखतंय, एवढं खरं.”

“मग केसपेपरवर नाव कुणाचं घालू?”

काका वाचले. काकू खाटेशी बसून रडत म्हणाल्या, “तुमाला ‘मी’ नको आसंल. पन मला तुमी पायजे न्हवं! आजपास्नं ‘मला’ म्हना.”

काकांनी स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, “बरं. मला दुखतंय.”

तो शब्द त्यांनी पाळला. फक्त आता ते सगळ्यांच्याच दुखण्याला ‘मला’ म्हणतात.

गेल्या महिन्यात माझी नोकरी सुटली. मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. नसरापूरला भोरच्या जीपची वाट बघताना काका भेटले. माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, “मला आज लई जड वाटतंय गं.”

“छातीत?” मी घाबरले.

“न्हाई. हितं,” म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

जीप आली, भरली, निघून गेली. आम्ही दोघंही तिथेच उभे होतो.