ऑपेराच्या कागदांची माळ

नव्वदच्या दशकात मी सकाळी नानपुऱ्यात एका पारशी बाईंकडे घरकाम करायचे आणि दुपारी नवागामच्या खोलीवर जेकार्डचे पुठ्ठे ओवायचे. भोकं पाडलेले हे पुठ्ठे क्रमानं दोऱ्यात ओवले की मागावर साडीचं फूल उमटतं. एक जरी मागेपुढे झाला तरी फुलाचा सत्यानाश. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते मी सगळ्यांना ऐकवायचेही.

बाईंच्या मधल्या खोलीत चार कपाटं भरून इटलीच्या ऑपेरांचं नोटेशन होतं. वडिलांनी जन्मभर जमवलेलं. बरंचसं छापील, एक ऑपेरा मात्र त्यांनी स्वतः शाईनं उतरवलेला. बाई एकट्या, वय झालेलं, घर विकायला काढलेलं. मुंबईच्या एका ग्रंथालयाचे गृहस्थ शनिवारी येणार होते. त्यांनी सगळं नेलं तर ठीक, नाहीतर रद्दी. त्या काळजीनं बाई जेवतही नव्हत्या.

"दीकरी, आ छूटा कागळ नंबरवार गोठवी दे," त्यांनी वडिलांच्या हातचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

आकडे मला वाचता येत होते. सुटे कागद क्रमानं लावले. पण नुसते लावून थांबेन तर मी कसली! पंख्यानं पुन्हा उडतील म्हणून नवरा कामाला होता त्या कारखान्यातून भोकं पाडायचा पंच आणला, दोन्ही कडांना भोकं पाडली आणि अख्खा ऑपेरा ओवून टाकला. आता एक पान इकडचं तिकडे होणार नव्हतं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

शनिवारी त्या गृहस्थांनी माळ उचलली आणि लगेच खाली ठेवली. वडिलांनी कागद अगदी कडेपर्यंत लिहिले होते.

"सूरच कापले गेलेत," ते म्हणाले. चारही कपाटं त्यांनी नेली, एवढं एक नेलं नाही. बाईंनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी घाबरतच गेले. बाई माळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बेस," म्हणाल्या. मी खाली बसले तशा त्या हलक्या आवाजात गाऊ लागल्या. भोक आलं की तिथला सूर आठवणीनं भरायच्या. पहिलं पान झालं, दुसरं झालं. माझा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या पानावर एका भोकाशी त्या थांबल्या. मागच्या ओळीपासून पुन्हा गायल्या, पुन्हा तिथंच थांबल्या.

"पप्पा होत तो पूछी लेत," म्हणाल्या. विचारायला वडील आता कुठले! त्यांनी पान उलटलं.