अँजिओप्लास्टीआधी चेण्याची फेरी

भाईंदर पूर्वेहून जवळच्याच चेण्याला जाणाऱ्याला कोणी प्रवासी म्हणत नाही. पण सोमवारी हृदयात तार घालून घ्यायची असेल, तर रविवारी घराबाहेर पडणं हा मोठाच प्रवास असतो.

तोवर मी अँजिओप्लास्टी दोनदा पुढे ढकलली होती. एकदा मेहुण्याची वास्तुशांत आडवी आली, एकदा अमावास्या. तिसऱ्या वेळेसाठी मी सकाळपासून शिंकून पाहत होतो.

"सर्दी जमतेय का?" सुलभाने, माझ्या बायकोने, विचारलं. "नाही जमली तर पोट बिघडवा. चला, दादांनी बोलावलंय. गाऱ्हाणं घालायचंय."

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. रत्नागिरीकडचं गाव सोडून चेण्यात राहिला, पण गावचा देव त्याने सोडला नाही. आमच्याकडे मोठ्या कामाआधी गाऱ्हाणं (देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने केलेलं मागणं) घालतात. गाव लांब असलं, तर नारळाची शेंडी गावाच्या दिशेला करायची. देव तिकडून ऐकतो.

रिक्षावाला आधी नाहीच म्हणाला. "चेना से खाली आना पडता है."

"भैया, इनका कल दिल का ऑपरेशन है," सुलभा म्हणाली.

त्याने आम्हाला लगेच बसवून घेतलं आणि वाटेत तो पूर्ण मागे वळला. रिक्षा पुढे चालूच होती. "अंकल, लहसुन खाओ. खाली पेट." त्यानंतर तो माझ्या काळजीने एकेक खड्डा चुकवू लागला, तसे समोरचे ट्रक फारच जवळून जाऊ लागले. उद्याचं आजच उरकतंय की काय, असं मला वाटलं.

काशीमिऱ्याचा नाका मागे पडला आणि इमारती विरळ झाल्या. उजवीकडे डोंगर उन्हाने पिवळे पडले होते. रस्त्याकडेला आदिवासी बाया करवंदांचे द्रोण मांडून बसल्या होत्या. एक द्रोण घ्यावा म्हणून खिशात हात घातला आणि छातीत धस्स झालं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या. मी घामाघूम.

सुलभाने पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढली. तीन होती. "विसरभोळ्याशी संसार केलाय मी," ती म्हणाली. एकाच्या जागी तीन कशाला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दादाच्या घरी वहिनीने कुळथाची पिठी आणि भात वाढला. दादाच्या पानात तळलेला बांगडा होता, माझ्या पानात त्याचा नुसता वास.

"कशी करतात रे ती तपासणी?" दादाने विचारलं. सुलभा सोडून सगळ्यांना मी 'तपासणी'च सांगितलं होतं.

"जांघेतून तार घालतात, ती काळजापर्यंत नेतात."

"म्हणजे भायंदरातून मीरा रोडला जायाचा, तो विरारवरनं?" दादा म्हणाला. वहिनी हसून हसून उठली. मीही हसलो.

ऊन उतरल्यावर अंगणात पाट मांडला, त्यावर नारळ ठेवला. दादाने हात जोडून आवाज लावला. "बा देवा महाराजा! तुजा लेकरू उद्या बारीकशा तपासणीला जातोय..."

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यावर असंच म्हणायचं असतं.

"त्याला काय एक भीती न्हाय..."

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

तेवढ्यात सुलभा म्हणाली, "भाऊजी, सूर्य डाव्या हाताला मावळतोय. आपण गुजरातकडे तोंड करून उभे आहोत."

दादाने सूर्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सगळं गाऱ्हाणं वसईच्या खाडीपलीकडे गेलं होतं. नारळ डोंगराकडे फिरवला, आम्हीही फिरलो. पण दादाचा घसा बसला होता. "आता तूच बोल रे," तो मला म्हणाला.

मी हात जोडले. आता समोर खरंच गाव होतं. तिथे खोटं बोलायला जीभ वळेना.

"बा देवा महाराजा, ही तपासणी नाही. उद्या ऑपरेशन आहे."

"व्हय महाराजा!"

"दोनदा मी पळून आलोय. आजही पळावंसं वाटतंय."

"व्हय महाराजा!"

"मला फार भीती वाटतेय."

"व्हय महाराजा!" तिघंही एका सुरात, अगदी दणक्यात म्हणाले.

मग वहिनीला हसू फुटलं, मग दादाला, मग मला. जी भीती मी किती दिवस कोंडून ठेवली होती, तिला देवासकट सगळ्यांनी मंजुरी दिली होती. छाती मोकळी झाली. फक्त सुलभा हसत नव्हती.

परतीच्या रिक्षात मी रिक्षावाल्याला लसणीचा उपाय सांगितला, तरी तिने टोमणा मारला नाही. काशीमिऱ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा ती हळूच म्हणाली, "अहो, मलापण."

मला एकदम ती तीन पाकिटं आठवली. मग मी हात जोडून, हलक्या आवाजात म्हणालो, "व्हय महाराजा."

ती रडता रडता हसली.

सोमवारी सकाळी मी शिंकलो नाही. आम्ही वेळेवर निघालो. बॅग मीच उचलली, कारण ती पर्समधली गोळ्यांची पाकिटं पुन्हा पुन्हा मोजत होती.