एकाच कोटातली मुलं

लेक बारावी झाली. तिला कॉम्प्युटरची पदवी हवी होती, म्हणून मी तिला विरारच्या फुलपाड्यात नव्यानेच निघालेल्या एका कॉलेजात घेऊन गेले. चपला बाहेर काढायला लावल्या आणि आत एसी होता, एवढ्यावरच मी अर्धी खलास! बावळटासारखे दारातच हात जोडले.

खोलीत ओळीने कॉम्प्युटर, प्रत्येकावर पांढरं कव्हर. भर दुपारी एकही मूल नव्हतं. भिंतीवर मात्र पास झालेल्या मुलांचे फोटो होते. ते बघता बघता लेकीने माझा हात घट्ट धरला.

"आई, सगळ्यांच्या अंगात एकच कोट आहे. खांद्यावरचा डाग बघ."

"गप गं. आपापसात वाटून घालत असतील बिचारी." काय ती माझी अक्कल!

तिने तिथल्या बाईंना विचारलं, "विद्यापीठाची मान्यता आहे का?"

बाई नुसत्या हसल्या. कपाटातून तोच कोट काढून त्यांनी लेकीच्या खांद्यावर ठेवला. "आधी फोटो काढून घेऊ." शेवटच्या फोटोशेजारी रिकामी चौकट टांगलेलीच होती.

कोट खाली टाकून लेकीने मला ओढतच जिना उतरवला. चपला हातात घेऊन मी उन्हात उभी, तरी अंगावर काटा.

"मान्यता नसली तर नोकरीला कोण विचारणार मला? मान्यतेचा कागद दाखवतील तिथेच शिकणार मी," लेक म्हणाली.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून गोड आवाज आला, "ताई, मग तुमचा काढू या का फोटो?"

खोटं कशाला सांगू, माझा हात आपसूक केसांवर गेला.